ड्रायव्हर सापडत न्हाय

परवा नव्या लॅपटॉपवर आमचा तो जुना संदेश पुन्हा उगवला. 'कुड नॉट फाइंड ड्रायव्हर.' ड्रायव्हर सापडत नाही. घरात मी एकटीच होते, तरी तो संदेश मी खणखणीत आवाजात वाचून काढला. फाइलचं नाव, ओळीचा आकडा, शेवटचा कंस, सगळं. शेजारच्या काकू जाळीच्या दारातून डोकावल्या. "काय गं, गाडीवाला आला नाही का?" मी म्हटलं, "नाही हो, कॉम्प्युटरचा ड्रायव्हर." खोलीत आणखी कोणी आहे का ते काकूंनी माझ्या खांद्यावरून बघितलं आणि त्या परत गेल्या.

ही खोड मला बिरुदेव कोळेकरनं लावली.

सोलापुरात सात रस्त्याजवळ चपलांच्या दुकानाशेजारून एक जिना वर जातो. त्या जिन्यावर आमचं ऑफिस होतं. चार टेबलं, आणि एक एसी, जो फक्त गिऱ्हाईक आलं की चालायचा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यांना आम्ही सॉफ्टवेअर करून द्यायचो. ऑर्डर किती आली, माल किती विणला, टेम्पो कधी निघाला, हे सगळं ब्राउझरमध्ये दिसायचं. निदान दिसावं अशी अपेक्षा असायची. आमचे मालक नितीनसर. त्यांना प्रत्येक गोष्ट काल हवी असायची, म्हणून ते 'उद्यापर्यंत द्या' म्हणाले की आम्हाला ते मोठ्या मनाचे वाटायचे.

बिरुदेव मंगळवेढ्याकडचा. घरी मेंढरं. बापाबरोबर मेंढरं राखत बारावी केली, मग सोलापुरात येऊन कॉम्प्युटरचा डिप्लोमा अर्धा केला. उरलेला अर्धा का केला नाही असं विचारलं तर म्हणायचा, "मास्तरला जेवडं येत हुतं तेवडं शिकून झालं की." उंच, झुपकेदार मिशा, शर्टाच्या खिशात खडीसाखरेची पुडी. बोलताना हनुवटी वर आणि नजर तुमच्या कपाळाच्या वर कुठेतरी. पहिल्यांदा भेटणारा माणूस हमखास म्हणायचा, काय माज आहे हो याला!

माज नव्हता. त्याला दिसत नव्हतं.

अगदीच दिसत नव्हतं असं नाही. डोळ्याच्या पडद्याचा आजार होता, हळूहळू वाढणारा, औषध नसलेला. नळीतून बघावं तसं समोरचं थोडं दिसायचं, आणि ती नळी वर्षागणिक अरुंद होत होती. ऑफिसात हे फक्त मला ठाऊक होतं, तेही माझ्या चहामुळे. माझा भरलेला कप त्याच्या हाताशी ठेवलेला असताना त्यानं तो तीनदा सांडला. तिसऱ्यांदा मी खवळून बोलले, तेव्हा त्यानं मला जिन्यात नेऊन खरं काय ते सांगितलं आणि कुणाला न सांगण्याची बिरोबाची आण घातली. "सरांस्नी कळलं तर मला घरी बशिवत्याल. आन् घरी जाऊन करू काय? मेंढरामागं बी कोण ठेवणार न्हाय. दुसऱ्याचीच हाकून आणीन." हे तो हसत म्हणाला. मला मात्र हसू आलं नाही. त्याच्या पगारावर घरची चार माणसं होती आणि धाकट्या बहिणीचं नर्सिंगचं शिक्षण चाललं होतं.

तर अशा माणसानं कॉम्प्युटरवर काम कसं करावं? त्यानं यावर जो उपाय काढला, त्यानं तो गावात गुरू म्हणून गाजला.

कोणीही अडचण घेऊन आलं की बिरुदेव खुर्चीत मागे रेलायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "आदी वाचा. मंग बोंबला."

"अरे, पण एरर आलाय—"

"आलाय न्हवं? मंग काय लिवलंय त्ये मोठ्यानं वाचा. पयल्यापास्नं. गाळायचं न्हाय."

आता गंमत अशी की संगणकाचा संदेश पूर्ण वाचायची कुणालाच सवय नसते. लाल अक्षरं दिसली की माणूस घाबरतो, सगळं पुसतो आणि सगळं पुन्हा टाकतो. बिरुदेवला याची फार चीड. "घरात उंदीर झाला म्हणून घर पाडताय व्हय?" म्हणायचा. मोठ्यानं वाचायला लावलं की दहातले सात जण पाचव्या ओळीला थांबायचे, "अरेच्चा" म्हणायचे आणि आपले आपण निघून जायचे. उरलेल्या तिघांसाठी तो डोळे मिटून ऐकत बसायचा आणि मग बरोबर त्या फाइलवर बोट ठेवायचा. अख्ख्या फायलीच्या फायली त्याला तोंडपाठ होत्या, कारण बघून शोधायची सोयच नव्हती. लोकांना वाटायचं, काय शिकवायची पद्धत आहे! एका कॉलेजनं तर त्याला भाषणाला बोलावलं. मीही बरोबर गेले होते. तिथे त्यानं पहिली दोन मिनिटं एका लोखंडी कपाटाला उद्देशून भाषण केलं. मी खोकले, तसा तो वळला. पोरांना वाटलं ही भाषणाची शैली आहे. विभागप्रमुखांनी तर आभार मानताना 'कपाटासारख्या निर्जीव श्रोत्यांनाही जागं करणारे वक्ते' असं म्हटलं. परतताना रिक्षात तो पोट धरून हसत होता. "मॅडम, कपाटानं एक बी शंका इचारली न्हाय बघा. लई हुशार!"

पण बिरुदेवचं नाव खरं गाजलं ते शिवप्पामुळे.

एमआयडीसीत आमच्या गिऱ्हाइकांपैकी एक कारखाना होता, मागांचा, टॉवेल विणणारा. मालक घरी तेलुगू बोलणारे, मागावरचे निम्मे कामगार कानडी, माल बांधणारे मराठी, रंगाच्या खात्यातले दखनी उर्दू बोलणारे. या सगळ्यांच्या मधे मल्लिनाथअण्णा नावाचे मॅनेजर. मूळ अक्कलकोटचे, कपाळावर विभूती, चारही भाषांत शिव्या देऊ शकणारा कारखान्यातला एकमेव माणूस. एके सकाळी त्यांचा फोन आला.

"मॅडम, तुमचं मशीन ड्रायव्हर मागायलंय."

मला काही सुधरेना. "म्हणजे?"

"सकाळपास्नं ड्रायव्हर सापडत न्हाय म्हणायलंय. शिवप्पाला घरनं उठवून आणलाय, म्होरं बशिवलाय. तरी बी सापडत न्हाय म्हणतंय."

शिवप्पा म्हणजे त्यांचा टेम्पोचालक. त्यांच्या दृष्टीनं सगळं रीतसर होतं. टेम्पो पाठवायच्या पानावरच संदेश आला होता, मग दुसरा कुठला ड्रायव्हर असणार? मागून त्या बिचाऱ्याचा आवाज आला, "मी हितंच हाय की!"

मी फोन स्पीकरवर टाकून बिरुदेवकडे दिला. त्यानं क्षणात सगळं ओळखलं आणि अतिशय गंभीर आवाजात सांगितलं, "अण्णा, त्याला म्हणावं लायसन दाखव."

"कुणाला?"

"मशीनला. पडद्याम्होरं धर म्हणावं."

जरा वेळ गेला. "दाखवलं. तेच म्हणतंय."

"मुदत संपली आसंल."

"पुढल्या साली संपतीया!" हे शिवप्पा स्वतः ओरडला, आणि नितीनसर काचेच्या खोलीतून बाहेर येऊन आमच्याकडे बघायला लागले, कारण मी टेबलावर डोकं टेकून हसत होते.

मग बिरुदेवनं अण्णांना समजावलं. ते समजावणं मी आजही नव्या लोकांना जसंच्या तसं सांगते. "अण्णा, मालक तेलुगू बोलत्यात, मागावरचे गडी कानडी. मधी तुमी. तुमी सुट्टीवर गेलासा की काय हुतंय?"

"बोंब हुतीय."

"हां. आमचं सॉफ्टवेअर एक भाषा बोलतंय, म्हायती साठवायची पेटी दुसरी. मधी बोलणारा एक बारका प्रोग्राम आसतुय. त्येला ड्रायव्हर म्हणत्यात. त्यो सुट्टीवर गेलाय. शिवप्पाला घरी सोडा."

पुढचा अर्धा तास फोनवर. त्या संगणकात सेटिंगच्या दोन फायली होत्या. आदल्या दिवशी सॉफ्टवेअर नव्यानं टाकताना कुणीतरी एकीत ड्रायव्हर चालू केला होता आणि वेबसाइट वाचत होती दुसरीच. "हळद एकाला लावली, बोहल्यावर उभा दुसराच," बिरुदेव पुटपुटला. त्या फायलीत ज्या ओळीच्या आधी अर्धविराम असेल ती ओळ झोपलेली. अर्धविराम खोडला, सगळं बंद करून चालू केलं, की ती जागी होते. अण्णांना अर्धविराम कळेना. "टिंब आन् खाली शेपूट" असं सांगितल्यावर सापडला. खोडला. चालू झालं. फोन ठेवून बिरुदेव खडीसाखर चघळत म्हणाला, "मॅडम, फोन लई ब्येस. फोनवर समदेच आंधळे."

मल्लिनाथअण्णा त्या दिवसापासून त्याचे भक्त झाले. अक्कलकोटहून येताना त्याच्यासाठी प्रसाद आणायचे आणि कुठलंही काम त्याच्याशिवाय दुसऱ्याला सांगायचे नाहीत.

दोन वर्षं अशी गेली. या काळात नळी आणखी अरुंद झाली. कारखान्यात जायचं असलं की तो मला बरोबर घ्यायचा. मी वाचायची, तो सांगायचा, मी टाइप करायची. सरांना वाटायचं तो मला शिकवतोय. मीही तसंच वाटू दिलं. खोटं बोलायचं म्हणून नाही, पण एवढा कामाचा माणूस दोन डोळ्यांपायी घरी बसवायचा हे मला पटत नव्हतं, आजही पटत नाही.

मग मी नणंदेच्या डोहाळजेवणाला चार दिवस बार्शीला गेले. तेवढ्यात अण्णांचा फोन आला: संगणक उघडला की रोज एक सूचना येते, ती काढून द्या. काम किरकोळ होतं. न लागणाऱ्या एका दुसऱ्या ड्रायव्हरची ओळ जागी राहिली होती, तिच्याआधी अर्धविराम टाकून तिला झोपवायचं. मी नव्हते. बिरुदेव एकटा गेला आणि त्यानं अर्धविराम टाकला. तेव्हा माल भरायचं काम चालू होतं, मधेच बंद-चालू करता येणार नव्हतं. म्हणून तो अण्णांना सांगून आला, "सांजच्याला काम संपलं की मशीन बंद करून चालू करा."

अण्णांनी सांगितल्याप्रमाणे केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काहीच उघडेना. ड्रायव्हर सापडत नाही. मी नेमकी त्याच दिवशी परत कामावर आले होते. परदेशी जायचा माल बांधून पडलेला, याद्या सगळ्या संगणकात, आणि कंटेनर दारात उभा. कारखान्याच्या मालकांनी सरांना फोन केला, सरांनी बिरुदेवला विचारलं, आणि बिरुदेव अगदी खऱ्या मनानं म्हणाला, "बंद-चालू करून कदी बिघडत न्हाय. मागनं कुणीतर हात लावला आसंल." मागून हात लावणारा एकच माणूस होता.

आम्ही दोघं माझ्या स्कूटीवरून गेलो. मागांचा खडखडाट दारापासूनच कानावर येत होता. आत मालक अण्णांवर तुटून पडले होते. "एमय्या, काय रे मल्लिनाथ, अठरा वर्षं झाली तुला. जे कळत नाही त्याला हात कशाला लावतो? उद्यापासून येऊ नको." अण्णा मान खाली घालून उभे होते. विभूती घामानं ओघळली होती. इतरांच्या वतीनं चार भाषांत बोलणाऱ्या त्या माणसाला स्वतःसाठी एकाही भाषेत बोलता येत नव्हतं.

मी संगणकापुढे बसले. बिरुदेव माझ्या मागे उभा राहिला. मी सवयीनं मोठ्यानं वाचत खाली आले. आणि एका ओळीशी थांबले.

आमच्या ड्रायव्हरच्या ओळीआधी अर्धविराम होता. तिच्या खालची, जवळपास तशीच दिसणारी ओळ, जी झोपवायची होती, ती टक्क जागी. आणि फाइल शेवटची बदलल्याची वेळ होती काल दुपारची. बिरुदेव इथे आला होता तेव्हाची.

"थांबलासा का? वाचा की."

"काही नाही," मी घसा खाकरून म्हटलं. "सापडलं. करते मी."

खरं सांगते, मी तो अर्धविराम गुपचूप खोडणार होते. एका बोटाचं काम. अण्णांचं नंतर काहीतरी करू, मालकांचा राग उतरतो, असं मी मनाला सांगत होते. मल्लिनाथअण्णा माझ्यापासून चार हातांवर उभे होते आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

बिरुदेव वाकला. हळू आवाजात म्हणाला, "आपल्या वळीआदी अर्धविराम हाय न्हवं?"

माझं बोट खोडायच्या बटणावरच होतं.

तो सरळ झाला आणि मालकांच्या आवाजाच्या दिशेनं वळला. "मालक, अण्णानं काय केलं न्हाय. म्या सांगितलं तेवडंच केलं. चूक माजी हाय. मला एका वळीआदी खूण करायची हुती, ती तिच्या वरल्या वळीला झाली. मला दिसलं न्हाय."

"दिसलं नाही म्हणजे? चष्मा घे की!"

"चष्म्याच्या पल्याड गेलंय. मला तुमचं तोंड बी दिसत न्हाय, मालक." मग मिशीतल्या मिशीत, "त्ये येक बरं हाय म्हणा."

मालकांनी त्याच्या चेहऱ्यापुढे हात हलवून बघितला. मला त्या हाताचा इतका राग आला की तो मुरगळावासा वाटला. बिरुदेवला तो दिसलाच नाही, म्हणून तो तसाच उभा राहिला, आणि मालक खाली बसले. मग म्हणाले, "मल्लिनाथ, याला चहा सांग." अण्णांनी चहा दुसऱ्याला सांगितला नाही. स्वतः आणला, आणि कप बिरुदेवच्या हातात धरवला. अर्धविराम मी खोडला. कंटेनर दुपारी निघाला.

परतताना स्कूटीवर त्यानं विचारलं, "खोडणार हुतासा न्हवं, गपचिप?"

"हो."

"ठावं हुतं. तुमाला खोटं बोलताना घसा खाकरावा लागतुय." आणि मग, "माज्यापायी अण्णाची भाकरी गेली आसती तर म्या काय केलं आसतं, मॅडम?" मी आरशात बघितलं तर तो डोळे पुसत होता. धूळ गेली म्हणाला.

नितीनसर वाईट माणूस नव्हते. दोन दिवस त्यांनी काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी दोघांनाही आत बोलावलं. मला दहा मिनिटं बोलले, ते मी ऐकून घेतलं. मग त्याला म्हणाले, "बिरुदेव, तुला काढतो असं नाही. पण कीबोर्ड हातात कसा देऊ?"

"मंग काय देताय? झाडू? कचरा दिसल्याबिगर त्यो बी कसा मारायचा?"

सरांनाही हसू आलं, मग हसू आल्याची लाज वाटली. पण बिरुदेवनं आधीच ठरवलं होतं. पुण्यात एक जागा होती, तिथे पडद्यावरचं सगळं बोलून दाखवणारा संगणक वापरायला शिकवत. त्यानं फोन करून जागा धरली होती. मी म्हटलं, हे दोन वर्षांपूर्वीच का नाही केलंत? म्हणाला, "तितं जायचं म्हंजी दिसत न्हाय म्हणून लिवून द्यावं लागतंय. त्येवडं हुईना." आज तो तिकडेच नोकरी करतो. कधी फोन आला की मागे त्याचा संगणक विमानाच्या वेगानं बडबडत असतो आणि बिरुदेव त्याला मेंढराला घालावी तशी शिवी घालतो.

पण मी त्याला शेवटचं बघितलं ते निरोपाच्या दिवशी. पेढे वाटून झाले, त्यानं बॅग खांद्याला लावली आणि जिना उतरला. सोडायला येऊ नका म्हणाला, म्हणून मी वरच्या खिडकीत उभी राहिले. भर दुपार होती. सात रस्त्याला सातही बाजूंनी गाड्या येत होत्या, रिक्षा, टेम्पो, कॉलेजच्या पोरांच्या मोटारसायकली. इतकी वर्षं तो हा रस्ता कसा ओलांडायचा हे मी कधी बघितलंच नव्हतं. आता बघितलं. तो फुटपाथच्या कडेला उभा राहायचा आणि कोणी पलीकडे निघालं की त्याच्या चपलांच्या आवाजामागे चालू पडायचा, जणू सहजच निघालाय. त्या दिवशीही तसाच उभा राहिला. एक बाई गेली, तो निघाला, हॉर्न वाजला, मागे आला. दोन माणसं गेली, तो पुन्हा निघाला, पुन्हा मागे आला. मी खिडकीतून हाक मारणार होते. माझं तोंड उघडलेलं होतं.

तेवढ्यात त्यानं उजवा हात पुढे केला. तळहात वर करून, नुसता धरून ठेवला. आमच्या इमारतीखाली गर्दी होती, लोक बघून पुढे जात होते. मग डोक्यावर टॉवेलांचं गाठोडं घेतलेल्या एका म्हातारीनं तो हात धरला आणि गाड्यांमधून त्याला खेचतच निघाली. अर्ध्या रस्त्यात बिरुदेवचा आवाज मला वरपर्यंत ऐकू आला.

"आगं हळू वड की म्हातारे, बकरं हाय व्हय मी?"

म्हातारीनं त्याचं मनगट आणखी घट्ट धरलं. त्यानं ते धरू दिलं.